चौदा ओव्यांची कोरी जागा

इंदापुरात आम्ही ज्यांच्या घरात भाड्यानं राहत होतो, ते सर दुपारच्या जेवणानंतर बोरूला हात लावत नसत. पोट भरलेल्या माणसाच्या हातून एक तरी अक्षर जास्त पडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे त्यांचं लिहिण्याचं काम सकाळी सहा ते अकरा. अकरा वाजता ते बोरू धुऊन उपडा ठेवत आणि मग दिवसभर त्या माणसासारखा रिकामटेकडा माणूस गावात दुसरा नसे. चौकात उभे राहत, एसटी स्टँडवर जाऊन पाट्या वाचत, भिगवणला मासे खायला जात.

ते कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. पत्नी वारल्या होत्या. घरात ते आणि पोथ्या. जुन्या हस्तलिखित पोथ्यांची नक्कल करणं हे त्यांनी स्वतःवर घेतलेलं काम होतं. कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. मी त्या वेळी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरीचा. मी काटा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, खोली तुमची, पण रविवारी सकाळचे दोन तास माझे. तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांचा 'काटेवाले' झालो.

रविवारचे दोन तास म्हणजे पडताळा. आठवड्यात उतरवलेली पानं मी मोठ्यानं वाचायची आणि सरांनी मूळ पोथीवर नजर ठेवून ऐकायचं. नंतर अक्षरांची मोजणी. पोथ्या उतरवणारे जुने लेखक बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरत आणि लिखाण मोजत, तीच पद्धत सरांनी ठेवली होती. पानाची मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची आणि आकडे जुळले तरच पान वर ठेवायचं. नाही जुळले तर दोघांनी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या बायकोला हे खूळ वाटे. मला मात्र आवडायचं. आठवडाभर ऊस मोजणाऱ्या माणसाला रविवारी अक्षरं मोजायला मिळणं ही सुट्टीच होती.

चुकलेलं अक्षर ते खोडत नसत. त्यावर हरताळ लावत, जुन्या लेखकांसारखा. पितळेच्या एका डबीत ती पिवळी पूड भिजवून ठेवलेली असे. त्यांच्याकडं राहिलो त्या नऊ वर्षांत ती डबी मी त्यांना दोनदाच भरताना पाहिली. मला त्यांचा अभिमान वाटायचा त्याचं एक कारण हे.

देवळात ते जात नसत. पण पोथी उघडण्यापूर्वी आंघोळ, पायात काही नाही, आणि पोथीला हात जोडून मगच गाठ सोडायची. माझ्या बायकोनं एकदा सरळ विचारलं, की सर, तुमचा देवावर विश्वास आहे की नाही. ते म्हणाले, "पोथीपुढं चप्पल काढतो, एवढं मला माझ्याबद्दल खात्रीनं माहीत आहे." त्यांची बरीच उत्तरं अशी असत. माहीत असेल तेवढ्यावर थांबायचं आणि पुढची जागा मोकळी ठेवायची.

आमच्याकडं एक चाल आहे. घरातली पोथी जीर्ण झाली, वाचणारं कुणी उरलं नाही, की ती लाल कापडात बांधून नदीत सोडतात. तालुक्यातले लोक त्यासाठी नरसिंहपूरला जातात, तिथं भीमा आणि नीरा एकत्र येतात म्हणून. अमावास्येच्या दिवशी सर सकाळच्या गाडीनं जाऊन घाटावर बसत. लाल बोचकं दिसलं की उठून त्या घरच्या माणसांपुढं उभे राहत आणि म्हणत, सोडा, पण मला आधी वाचू द्या. लोकांना वाटे, म्हातारा पोथी लाटणार. एका कुटुंबानं तर ठणकावून सांगितलं, की आमच्या देखत काय ते करा आणि आमच्या देखतच पाण्यात सोडा. सरांनी मान्य केलं. तीन दिवस ते घाटावर बसून उतरवत होते आणि ते कुटुंब तीन दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवून होतं. दुसऱ्या दिवशी त्या लोकांनी त्यांना जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी घरातला कर्ता माणूस म्हणाला, की आता राहू द्या तुमच्याकडंच. सर म्हणाले, "शब्द पाण्यात सोडण्याचा होता." आणि गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी ती पोथी स्वतः सोडली. हे मी स्वतः पाहिलं नाही, पण त्या घरातला एक जण पुढं आमच्या काट्यावर ऊस घेऊन यायचा, त्यानं सांगितलं.

आता कोंडाईची गोष्ट.

नीरेच्या काठी, नरसिंहपूरच्या अलीकडं एका गावात कोंडाईची समाधी आहे. कोंडाई कुंभाराच्या घरातली, ओव्या रचणारी बाई. त्या परिसराबाहेर तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. गावात मात्र तिच्या पुण्यतिथीला चैत्रात मोठा उत्सव होतो. समाधी मंदिराच्या ट्रस्टकडं तिच्या ओव्यांची एक पोथी होती. त्र्याण्णवच्या सुमारास ट्रस्टचे अध्यक्ष सरांकडं आले. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. ऊस, बागायत, सोसायटी, सगळीकडं वजन असलेला माणूस, पण कोंडाईपुढं लहान मुलासारखा. त्यांना ही पोथी छापून हवी होती.

पोथीच्या शेवटी लेखकानं ओव्यांचा आकडा दिला होता, ३१२. आम्ही मोजल्या तर २९८ भरल्या. विसावं पान १४० व्या ओवीवर संपत होतं आणि पुढं आलेलं पान तेविसावं, १५५ व्या ओवीनं सुरू होणारं. मधली दोन पानं नव्हती. चौदा ओव्या.

आणि नेमक्या त्या जागी. १४० व्या ओवीत कोंडाई देवळाच्या वाटेला लागते. १५५ व्या ओवीत ती घरी परतलेली असते आणि म्हणते की आता कुठं जाणं उरलं नाही. मध्ये काय झालं? गावाचं म्हणणं, देवानं दर्शन दिलं. पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात तेच सांगत आले होते. आबांनी सुचवलं, की आपल्याकडच्या कीर्तनकार बुवांना त्या दर्शनाच्या चौदा ओव्या सहज रचता येतील. सरांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, चौदा ओव्यांची जागा कोरी सोडू.

"पुस्तकात कोरं पान बरं दिसंल का सर?" आबा म्हणाले.

"बरं नाही दिसणार. पण खरं दिसेल."

कुणी पानं काढली असतील का, असं मी एकदा सरांना विचारलं. ते रागावले. "पानं नाहीत, एवढं माहीत आहे. कुणी काढली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पुढचा धागा मला काट्यावर मिळाला. त्याच गावचा एक बैलगाडीवान वजनासाठी थांबला होता. कोंडाईच्या पोथीचा विषय निघाला तर म्हणाला, पोथीत कशाला शोधता, आमच्या लहानपणी ठकूबाई जात्यावर सगळी कोंडाई म्हणायची. ठकूबाई कोण, विचारलं. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली म्हातारी.

रविवारी आम्ही गेलो. ठकूबाईंचा मुलगा बारामतीला एसटीत नोकरीला होता, तो त्या दिवशी घरी होता. सर दारातून जयभीम म्हणून आत गेले. मुलानं खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि कामाचं ऐकून घेतल्यावर शांतपणे म्हणाला, "ज्या दगडाच्या पायरीवर आमच्या आजीला चढू दिलं नाही, त्याच्यापुढं आईला परत बसवायला आलाय का सर?"

"नाही. मी ऐकायला आलोय. त्यांनी नाही म्हटलं तर चहा पिऊन जाईन."

ठकूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्या ते सोडलं मास्तर. धम्म घेतला तवा घरातलं सगळं देव पाटीत घालून नीरंत सोडलं. त्याच्याबरूबर ते बी गेलं."

सर चहा पिऊन उठले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, आणि त्या वेळी कोंडाईचं नाव काढलं नाही. कालव्याच्या पाण्याचं, शेंगांचं, नातवाच्या शाळेचं बोलले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. मी कंटाळलो होतो. आमचा पडताळा तीन आठवडे तुंबला होता. चौथ्या रविवारी ठकूबाईंनीच सूप बाजूला ठेवलं.

"म्या गाणार न्हाय," त्या म्हणाल्या. "गाणं म्हंजी पूजा. सांगते. शाळंत धडा सांगत्यात तसं. आन म्या सांगन तेवढंच लिवायचं, त्याच्यावर येक शबुद न्हाय."

सरांनी हात जोडले. सकाळचे नऊ वाजले होते. ठकूबाई सांगत गेल्या, सर लिहीत गेले, आणि मी माझ्या वहीत प्रत्येक चरणाची अक्षरं मांडत गेलो. काही ओव्या पोथीतल्याच होत्या, आम्हाला पाठ झालेल्या. १४० वी झाली आणि त्या थांबल्या नाहीत. सरांचा बोरू क्षणभर अडखळला, मग पुन्हा चालू लागला.

कोंडाई देवळाच्या पायरीवरून परत फिरते. का, ते ओवीत नाही. उन्हात चालत ओढ्यापलीकडच्या वस्तीत येते. तिथली एक बाई डेऱ्यातलं पाणी पुढं करते. कोंडाई प्यायला वाकते, आणि पुढची ओवी ही:

पायरीनं परतिवलं । पान्यानं बोलिवलं ।
वाकून त्वांड पाह्यलं । माजं न्हवं ॥

ठकूबाईंनी ती अगदी कोरड्या आवाजात सांगितली, बाजारातला निरोप सांगावा तशी. मग म्हणाल्या, "विहारात भंतेजी सांगत्यात ना, हे माजं न्हवं, ते माजं न्हवं. तवा मला हीच आठवती. कुणाला म्हनले न्हाय आजवर."

अशा नऊ ओव्या मिळाल्या. मध्येमध्ये काहीतरी सुटतंय, असं त्या म्हणाल्या, पण कुठं ते आठवेना. चौदातून नऊ गेल्या, पाच उरल्या.

पुढच्या रविवारी पडताळ्याला आम्ही ठकूबाईंकडंच गेलो. मी सरांची स्वच्छ प्रत वाचू लागलो. त्या ओवीशी आलो आणि वाचलं, "माजं न्हवं देवा."

"थांब," ठकूबाई म्हणाल्या. "देवा म्या म्हनले न्हाय."

सरांनी प्रत हातात घेतली. जन्मभर हजारो ओव्या उतरवलेल्या त्या हातानं सवयीनं तिथं एक शब्द घातला होता. ज्या बाईनं देव नीरेत सोडले, तिच्या तोंडी देव घातला होता. कोंडाईच्या तोंडीही.

"काटेवाले, तुमच्या वहीत या चरणाची किती अक्षरं?"

"चार."

"प्रतीत सहा आहेत. तुम्ही आठवडाभरात मोजली असतील."

मी मोजली होती. फरक मला गुरुवारीच कळला होता. सर चुकणार नाहीत, आपणच चुकलो असू, असं धरून मी गप्प बसलो होतो. तसं मी सांगितलं.

सर म्हणाले, "ट्रॉली कुणाची आहे ते बघून वजन सांगता का तुम्ही?"

यापेक्षा जास्त ते मला कधी बोलले नाहीत. त्यांनी पितळेची डबी काढली आणि ठकूबाईंच्या समोर त्या दोन अक्षरांवर हरताळ लावला. मग उठून म्हणाले, की बाई, मी शब्द मोडला. कोपऱ्यात उभा असलेला मुलगा पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, "बसा सर. दुसरा असता तर वाद घातला असता."

पुढं कधीतरी कारखान्यात एका बड्या माणसाच्या ट्रॉलीत उसापेक्षा पाचट जास्त निघालं. मी नियमानं वजावट धरली आणि दोन महिने त्याचा त्रास सोसला. त्याबद्दल कुणी माझं कौतुक केलं तर मी ते सरांच्या खात्यावर टाकतो.

छपाईची बैठक समाधी मंदिराच्या सभामंडपात झाली. नऊ ओव्या ऐकून मंडळी अस्वस्थ झाली. यात दर्शन कुठं आहे, एकानं विचारलं. पायरीनं परतिवलं म्हणजे काय, दुसऱ्यानं विचारलं. शेवटी आबांनी तोड काढली. उरलेल्या पाच ओव्यांत बुवा दर्शन आणतील. आणि सरांनी या नऊ ओव्यांखाली 'ठकूबाई यांनी सांगितल्या' असं लिहिलं होतं, ते नाव काढायचं.

"नाव कशाला सर?" आबा समजुतीनं म्हणाले. "देवाच्या कामात नाव कुणाचंच नसतंय."

सर म्हणाले, "चालेल. मग पहिल्या पानावर अध्यक्ष म्हणून तुमचं आहे तेही काढू."

मागं कुणीतरी हसलं. आबांचा चेहरा लाल झाला. सरांना ते हसणं आवडलं नसावं, कारण ते लगेच उठले, नव्या लाल कापडात वेखंड घालून बांधलेली मूळ पोथी त्यांनी आबांच्या हातात दिली, तिला नमस्कार केला आणि आम्ही एसटीनं परत आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, की माझं उत्तर बरोबर होतं, पण चारचौघांत द्यायला नको होतं.

चैत्रात पुस्तक निघालं. कोरी जागा नाही, ठकूबाई नाहीत, नऊ ओव्याही नाहीत. बुवांच्या चौदा ओव्या आणि त्यात देवाचं दर्शन. मंडप, पाहुणे, पेढे. सर उत्सवाला गेले, मागच्या रांगेत बसले, प्रसाद घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी नवा कागद पुढं घेतला.

पाच प्रती त्यांनी हातानं लिहिल्या. प्रत्येकीत ३०७ ओव्या, ठकूबाईंचं नाव, पाच ओव्यांची कोरी जागा आणि तिच्या कडेला बारीक अक्षरात टीप: या पाच इथंच कुठंतरी आहेत, नेमकी जागा माहीत नाही. दीड वर्ष लागलं. सगळ्या प्रतींचा पडताळा माझा. एक प्रत ठकूबाईंना दिली, एक कॉलेजला, एक मला, एक स्वतःकडं. पाचवी त्यांनी समाधी मंदिरात नेऊन ठेवली. आबांनी ती ठेवून घेतली.

पुढच्या वर्षी पुण्यतिथीनंतरच्या एका रविवारी आमचा पडताळा चालू असताना आबा दारात उभे. एकटेच. बसले, पाणी प्याले, आणि खिशातून वहीचं एक पान काढलं.

त्यांच्या आई नव्वदीच्या होत्या. उत्सवात छापील पुस्तकाचं वाचन झालं, तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या की ही कोंडाई नव्हे. आबांनी देवळातली हाताची प्रत आणून त्यांना वाचून दाखवली. नऊ ओव्या होताच म्हातारीनं पुढची सांगितली. लग्न होऊन आल्यावर त्या खुरपणीला जायच्या, तेव्हा शेजारच्या पातीत ठकूबाईंची आई असायची, तिच्या तोंडून ऐकलेली. आबांनी ती स्वतः लिहून घेतली होती. पान त्यांनी सरांपुढं केलं नाही, स्वतःच वाचलं.

पानी जिनं दिलं । नाव न्हाय पुसलं ।
जलमभर राह्यलं । मागं मागं ॥

वाचून झाल्यावर पान त्यांनी मांडीवर ठेवलं. सरांनी दौत पुढं ओढली, बोरू बुडवला आणि नेहमीच्या कोरड्या स्वरात विचारलं, "सांगणाऱ्याचं नाव?"

"आईचं लिवा," आबा म्हणाले. "पण खाली. वर ठकूबाईच्या आईचं. ते मला ठावं न्हाय सर. इतकी वर्सं ओढ्यापलीकडं राहिली, आमी कधी इचारलं न्हाय."

"मग विचारून या."

आबा त्याच दिवशी ओढा ओलांडून गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. नाव घेऊन आले, एवढं माहीत आहे. सरांनी पाचही प्रती मागवून घेतल्या, पाचही ठिकाणी ती ओवी आणि दोन्ही नावं घातली, आणि आबांच्या आईंकडं व ठकूबाईंकडं जाऊन दोघींचा पडताळा घेतला. ठकूबाई ऐकून म्हणाल्या, "व्हय. हीच माजी सुटत व्हती."

सर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ठकूबाई आणि आबाही नाहीत. पुण्यतिथीला अलीकडं देवळातल्या हाताच्या प्रतीतून वाचन होतं असं ऐकतो. माझी प्रत माझ्या कपाटात लाल कापडात आहे. दर चैत्रात मी ती आंघोळ करून, पायांत काही न घालता उघडतो आणि मोजतो. ओव्या ३०८. जागा चार ओव्यांची कोरी. त्या चारांपैकी एखादी कुणाला येत असेल तर सांगावी, आम्ही आहे तशी लिहून घेऊ. सांगणाऱ्याच्या नावासाठी सरांनी शेजारी समास सोडलेला आहे.